न्यूझीलंडमध्ये मेडिकलला जायचंय? हेल्थ सायन्सचं पहिलं वर्ष कसं काढायचं ते नीट समजून घ्या

इथे न्यूझीलंडमध्ये शाळा संपली की सरळ मेडिकलला ॲडमिशन असा प्रकार नाहीये. आधी युनिव्हर्सिटीत एक वर्ष सगळ्यांबरोबर काढायचं, त्या वर्षाच्या मार्कांवर मेडिकलचं दुसरं वर्ष मिळतं किंवा मिळत नाही, आणि डिग्रीचं नाव एमबी सीएचबी, एमबीबीएस नाही. एकूण सहा वर्षं, त्यातलं हे पहिलंच सगळ्यात जीवघेणं. पुण्या-नाशकातले आजी-आजोबा फोनवर विचारतात "त्याची नीट कधी आहे?" आणि इथल्या आई-बाबांनाही धड सांगता येत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

मेडिकल स्कूल सध्या दोनच. एक ओटागो, डनेडिनला, युनिव्हर्सिटी १८६९ ची आणि मेडिकल स्कूल १८७५ चं. दुसरं ऑकलंड. दोन्हीकडे मिळून स्थानिक मुलांच्या जागा ५३९ होत्या, २०२४ ला सरकारने पन्नास वाढवून ५८९ केल्या, पुढे अजून थोड्या वाढल्या, आणि या सगळ्या जागांमध्ये डिग्री करून येणारे, वेगवेगळ्या गटांतून येणारे सगळे आले. एकट्या ओटागोच्या पहिल्या वर्षाला दोन हजारांच्या आसपास पोरं बसतात. म्हणजे शाळेत टॉपर असणं ही तिथे फक्त सुरुवात असते, वर्गातला जवळपास प्रत्येकजण आपापल्या शाळेचा टॉपरच असतो.

आणि हे नीटसारखं नाही. नीट एका दुपारी ७२० मार्कांवर निकाली निघते, इथे फेब्रुवारीच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत टेस्ट, लॅब, फायनल सगळं मोजलं जातं. आपल्याकडची "शेवटचे दोन महिने झोकून देऊ" ही पद्धत इथे मार खाते.

आधी व्हिसाचं बघा, अभ्यासाचं नंतर

हे मी मुद्दाम पहिलं घेतोय. आई-बाबा वर्क व्हिसावर असले की मूल शाळेत डोमेस्टिक, म्हणजे स्थानिक, म्हणून शिकतं, फी जवळपास नाहीच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं पुढेही तसंच चालेल. चालत नाही. युनिव्हर्सिटीत पाऊल ठेवलं की ते मूल इंटरनॅशनल स्टुडंट होतं, फी कैक पटीने वाढते आणि मेडिकलला इंटरनॅशनल जागा अगदी मोजक्या असतात. म्हणजे मूल इयर ११ ला (आपली दहावी, इयर १३ म्हणजे बारावी) असेल आणि रेसिडेन्स, म्हणजे कायम राहायचा परवाना, अजून लटकलेला असेल तर फिजिक्सच्या ट्यूशनपेक्षा रेसिडेन्सची फाइल जास्त महत्त्वाची आहे.

रेसिडेन्स मिळाला की डोमेस्टिक फी लगेच लागू होते, पण सरकारी स्टुडंट लोनसाठी रेसिडेन्स मिळून तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. मधल्या वर्षांची फी खिशातून. डनेडिनचं हॉस्टेल जेवणासकट वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास जातं हे धरून हिशोब मांडा. लोन एकदा मिळालं की देशात राहीपर्यंत त्यावर व्याज नाही, त्यामुळे उगाच अभिमानाने लोन नको म्हणू नका.

ज्यांच्याकडे न्यूझीलंडचं नागरिकत्व आहे त्यांनी ऑस्ट्रेलियाचाही विचार करावा, कारण तिथल्या काही युनिव्हर्सिटी शाळेतून थेट मेडिकलला घेतात आणि न्यूझीलंडच्या नागरिकाला तिथे सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते. नुसत्या रेसिडेन्सवर मात्र ही सोय नाही. हा रस्ता घ्यायचा असेल तर यूकॅट (मेडिकल प्रवेशाची कल चाचणी, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय) इयर १३ मध्येच द्यावी लागते.

शाळेतले विषय

इयर १२-१३ ला केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स तिन्ही घ्या, आणि गणित. एनसीईए (इथली सरकारी शालेय परीक्षा) असो, केंब्रिज असो की आयबी, युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स, म्हणजे युनिव्हर्सिटीत जायची किमान पात्रता, मिळाली की ओटागोच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो, खरी गाळणी पुढे आहे. ऑकलंडला मात्र रँक स्कोअर लागतो: एनसीईएच्या लेव्हल ३ चे (इयर १३ चे) सगळ्यात चांगले ८० क्रेडिट धरतात, एक्सलन्सला ४, मेरिटला ३, अचीव्हला २ असा गुणाकार, म्हणजे जास्तीत जास्त ३२०.

बरीच पोरं इयर १३ ला फिजिक्स सोडतात कारण "डॉक्टरला फिजिक्स कशाला". मग ओटागोला पहिल्याच सेमिस्टरला फिजिक्सचा सक्तीचा पेपर समोर येतो (पेपर म्हणजे इथे अख्खा विषय) आणि धांदल उडते. शाळेत सोडलंच असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत बेसिक फिजिक्स उरकून जा, बल, द्रव, उष्णता, वीज, लाटा, सगळं.

इंग्रजी वाचनाकडे लक्ष द्या. यूकॅटमध्ये, पॉप्युलेशन हेल्थमध्ये आणि इंटरव्ह्यूत भाषाच कामी येते, आणि हे एका वर्षात वाढत नाही.

ओटागो की ऑकलंड

हा निर्णय इयर १३ मध्ये घ्यायचा, आणि तो जवळपास न बदलता येणारा आहे. पहिल्या वर्षाच्या वाटेने ओटागो मेडिकलला जायचं तर ओटागोचाच हेल्थ सायन्सेस फर्स्ट इयर, म्हणजे एचएसएफवाय, करावा लागतो. ऑकलंड मेडिकलला त्या वाटेने जायचं तर ऑकलंडची बॅचलर ऑफ हेल्थ सायन्सेस किंवा बायोमेडिकल सायन्सची बीएस्सी, यांचं पहिलं वर्ष. इकडचं वर्ष करून तिकडे उडी मारता येत नाही, डिग्री पूर्ण करून मात्र दोन्हीकडे अर्ज करता येतो.

लोक शहर बघून ठरवतात, घरापासून लांब-जवळ बघतात, ते ठीकच आहे, पण माझ्या मते निवड कशी करतात ते बघून ठरवावं, कारण दोन्हीकडे वेगळ्या प्रकारचं मूल पुढे जातं.

ओटागोला सात पेपरांच्या टक्केवारीची सरासरी. यूकॅट तिथे उंबरठ्यासारखी, ठरलेल्या पातळीच्या वर आलात की पुढचा क्रम वर्षानुवर्षं मार्कांवरच लागत आलाय. म्हणजे ९८ आणि ९२ यात मोठा फरक.

ऑकलंडला जीपीए (ग्रेडची सरासरी) ६० टक्के, इंटरव्ह्यू २५ टक्के, यूकॅट १५ टक्के असं वजन धरत आलेत. आणि जीपीए ९ पैकी असतो, ९० च्या वर ए प्लस म्हणजे ९, ८५ ते ८९ ला ८, ८० ते ८४ ला ७. आता हे नीट बघा, ९१ आणि ९९ दोघांनाही सारखेच ९, पण ८९ वाल्याला ८. तिथे ९९ साठी रात्री जागण्यात अर्थ नाही, ८९ चे ९० करण्यात आहे. इंटरव्ह्यूही एका खोलीत बसून गप्पा असा नसतो, छोट्या छोट्या स्टेशनांवर फिरायचं, प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस, वेगळा प्रसंग, काही मिनिटं. बोलकं, समजूतदार, यूकॅटला चांगलं मूल असेल तर ऑकलंडला त्याचा फायदा होतो. शांतपणे रोज आठ तास बसणारं, पण अनोळखी माणसासमोर तोंड न उघडणारं मूल असेल तर ओटागो.

सात पेपर आणि एक हिशोब

ओटागोचं जरा खोलात सांगतो कारण "पहिलं वर्ष" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं.

पहिल्या सेमिस्टरला चार: केमिस्ट्री, सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी, ह्यूमन बॉडी सिस्टिम्स भाग एक, आणि बायोलॉजिकल फिजिक्स. दुसऱ्याला तीन: ह्यूमन बॉडी सिस्टिम्स भाग दोन, बायोकेमिस्ट्री, पॉप्युलेशन हेल्थ. पोरं यांना नावांनी ओळखतच नाहीत, "हब्स" (ह्यूमन बॉडी सिस्टिम्स), "सेल्स", "फिजी" (फिजिक्स), "पॉफ" (पॉप्युलेशन हेल्थ) असंच चालतं. प्रत्येक पेपर १८ पॉइंटचा, म्हणजे सरासरीत सगळ्यांचं वजन सारखं.

आता सहा पेपरात ९५ आणि फिजिक्सला ८० अशी एक मुलगी धरा. सरासरी ९२.८६. तिने आवडीच्या हब्सवर जीव तोडून ९५ चे ९८ केले तर सरासरी होते ९३.२९. तोच वेळ फिजिक्सला देऊन ८० चे ९० केले तर ९४.२९. आणि ९५ चे ९८ करणं हे ८० चे ९० करण्यापेक्षा बहुतेक वेळा अवघड असतं. सरासरी नव्वदीच्या वर असूनही जागा न मिळणारी पोरं दर वर्षी असतात, त्यामुळे हा दीड टक्का किरकोळ नाही. तरीसुद्धा पोरं जे आवडतं, जे येतं, तेच परत परत वाचत बसतात कारण त्यात बरं वाटतं. माझं सगळं म्हणणं याच एका ओळीत आहे: दर रविवारी स्वतःला विचारायचं की या घटकेला माझा सगळ्यात कच्चा पेपर कोणता, आणि पुढच्या आठवड्याचे सकाळचे ताजे तास त्याला द्यायचे.

आपल्या घरातल्या मुलांचा कच्चा पेपर बरेचदा पॉप्युलेशन हेल्थ निघतो, हे मी बघत आलोय. फिजिक्सची भीती असते म्हणून त्याचा अभ्यास तरी होतो, पॉफला "हे काय, सोशल स्टडीज" म्हणून बाजूला टाकतात. त्यात साथरोगांचा अभ्यास कसा करतात, कुठल्या वस्तीत आजार जास्त का, ब्रिटिश आणि इथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातला १८४० चा वैतांगी करार आणि त्याचा माओरी लोकांच्या आरोग्याशी संबंध, असं सगळं येतं. घोकंपट्टीने तिथे भागत नाही, मुद्दा समजून आपल्या शब्दात मांडावा लागतो, आणि मार्क केमिस्ट्रीइतकेच.

रोजचं गणित

लेक्चर दिवसाला तीन-चार, दोन हजार पोरं एका हॉलमध्ये मावत नाहीत म्हणून तेच लेक्चर वेगवेगळ्या वेळी परत होतं, शिवाय रेकॉर्डिंग मिळतं. हे रेकॉर्डिंग मोठा सापळा आहे, "नंतर बघू" करत एप्रिलपर्यंत चाळीस लेक्चर साठतात आणि मग दीडपट स्पीडवर नुसतं ऐकणं होतं, डोक्यात काही जात नाही. त्या दिवसाचं त्या दिवशी, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धी पोरं तुमच्या मागे पडतील.

सुंदर रंगीत नोट्स काढण्यात वेळ घालवू नका. लेक्चर झालं की स्लाइड बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, अडलं तिथे बघायचं, मग त्याचे प्रश्न करून अँकीसारख्या ॲपमध्ये टाकायचे आणि रोज सकाळी ते प्रश्न सोडवायचे. टेस्टमध्ये बहुपर्यायी प्रश्नांचा भरणा असतो, चार पर्याय सारखेच दिसतात, अशा वेळी "वाचलंय कुठेतरी" याचा उपयोग शून्य. जुन्या परीक्षांचे प्रश्न शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नाहीत, चौथ्या-पाचव्या आठवड्यापासूनच थोडे थोडे सोडवायला लागा म्हणजे विचारतात कसं ते कळतं.

लॅब चुकवू नका. तिथले मार्क सोपे असतात आणि फायनलला हेच दोन-तीन टक्के हुकलेले दिसतात. खरंच आजारी पडलात, घरात काही झालं, तर त्याच वेळी डॉक्टरचं पत्र घेऊन युनिव्हर्सिटीकडे रीतसर अर्ज करायचा, निकाल लागल्यावर कारणं सांगून काही होत नाही. आपली पोरं हे लाजेपोटी करत नाहीत, ताप अंगावर काढून पेपर देतात.

हॉस्टेलचा अर्ज आदल्या वर्षीच, इयर १३ च्या मध्यातच करावा लागतो. पहिल्या वर्षी हॉस्टेललाच रहावं असं मी म्हणेन, महाग पडलं तरी. जेवण तयार मिळतं, हॉस्टेलचे ट्यूटोरियल असतात, शेजारच्या खोलीतही तोच अभ्यास चाललेला असतो. शाकाहारी असाल तर जूनमध्ये पास्त्याचा कंटाळा येतो, तेव्हा घरून मेतकूट, चटणी, लाडू पाठवा. डनेडिनची थंडी मनावर घ्या, जूनमध्ये पाच वाजता अंधार पडतो आणि नेमकी तेव्हाच पहिल्या सेमिस्टरची फायनल असते, ऑकलंडहून गेलेल्या पोरांना हे जास्त जड जातं. रोज थोडं बाहेर चालणं आणि सात तास झोप, यावर तडजोड नको.

आई-बाबांसाठी एकच: रोज फोन करून "किती पडले, बाकीच्यांना किती पडले" विचारू नका. तिथे हॉस्टेलच्या डायनिंग हॉलमध्ये दिवसभर तेच चाललेलं असतं.

यूकॅट

२०१९ पासून जुनी यूमॅट गेली आणि यूकॅट आली. मेडिकल आणि डेंटल दोन्हीला लागते. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, पण बुकिंग मार्च ते मे मध्ये, म्हणजे जेव्हा पोरं केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टमध्ये बुडालेली असतात तेव्हा. बुकिंग राहिलं तर मार्क कितीही येवोत, त्या वर्षाचं मेडिकल आणि डेंटल दोन्ही गेलं. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवा. वर्षातून एकदाच देता येते आणि स्कोअर त्याच प्रवेशासाठी चालतो.

२०२५ पासून आकृत्यांचा ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग भाग काढून टाकलाय, त्यामुळे ताई-दादाची जुनी पुस्तकं आणि ३६०० पैकीचे स्कोअर विसरा, आता तीन भाग मिळून २७००. व्हर्बलला २२ मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला अर्धा मिनिट. डिसिजन मेकिंगला ३७ मिनिटांत ३५, गणिताच्या भागाला २६ मिनिटांत ३६. चौथा सिच्युएशनल जजमेंटचा, २६ मिनिटांत ६९ प्रश्न, त्याचे मार्क वेगळे धरतात.

गणितात आपली पोरं बहुतेक तरून जातात. अडतात ती व्हर्बलला, कारण पूर्ण उतारा वाचायची सवय असते आणि तेवढा वेळच नाही, आधी प्रश्न वाचून उताऱ्यात तो शब्द शोधायचा. आणि सिच्युएशनल जजमेंटला एक आपल्या संस्काराची अडचण होते. प्रश्न असा येतो की सीनियर डॉक्टर हात न धुता पेशंटला तपासायला निघालाय, तू काय करशील. मोठ्यांना कसं बोलायचं म्हणून आपलं मूल गप्प राहण्याचा पर्याय निवडतं किंवा एकदम सगळ्यात वरच्या साहेबाकडे तक्रार करतं. तिथे अपेक्षित असतं की पेशंटची सुरक्षा आधी, तेव्हा त्याच जागी, नम्रपणे, त्याच माणसाला सांगायचं. हा विचार एकदा बसला की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

हजारो डॉलरचे क्लास लागतातच असं नाही. यूकॅटच्या अधिकृत साइटवर फुकट सराव परीक्षा आहेत, आधी त्या संपवा. पहिल्या सेमिस्टरची फायनल संपल्यापासून परीक्षेपर्यंत रोज तासभर घड्याळ लावून केलं तर पुरतं, त्यापेक्षा जास्त वेळ दिला तर दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीच्या लेक्चरचा बळी जातो.

दुसरं सेमिस्टर आणि अर्ज

जूनचा निकाल आला की निम्मी पोरं फुगतात, निम्मी खचतात. खचलेल्यांनी आकडे मांडून बघा, अजून तीन पेपर बाकी आहेत. बायोकेमिस्ट्रीचे मार्ग, एन्झाइम वगैरे रोज थोडं थोडं काढून बघायचे, आणि हब्सच्या दुसऱ्या भागात हृदय, फुप्फुस, किडनी एकमेकांत गुंतलेलं असतं, ते तुकड्यांनी पाठ करून चालत नाही. गणपती टेस्टच्या आसपास येतात आणि दिवाळी बरेचदा फायनलच्या तोंडावर किंवा मधोमध. फराळाचा डबा कुरियर करा, पोराला विमानाने घरी बोलावू नका.

कोर्सचा अर्ज फायनलच्या आधीच भरावा लागतो आणि त्यात पसंतीक्रम देता येतो. मेडिकल, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपी, मेडिकल लॅब सायन्स हे सगळे याच वर्षातून जातात. डेंटिस्ट्रीची डिग्री देशात फक्त ओटागोला आहे. फार्मसी आणि फिजिओला यूकॅट लागत नाही. दुसरी-तिसरी पसंती भरताना "मेडिकल नाही तर काहीच नको" हा हट्ट नको, पण फक्त घरी तोंड दाखवायला म्हणून न आवडणारं डेंटलही भरू नका, मिळालं तर पुढची चार वर्षं दातच बघायचे आहेत.

माओरी, पॅसिफिक, ग्रामीण भागातली, निर्वासित आणि आर्थिक दृष्ट्या मागे राहिलेली मुलं यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. आपल्या लोकांच्या गप्पांत यावर फार कडवटपणा ऐकू येतो. मला विचाराल तर त्यामागचं कारण पॉफच्या पेपरातच व्यवस्थित शिकवतात, ते समजून घेतलेलं मूल इंटरव्ह्यूतही चांगलं बोलतं. शिवाय नोकरीमुळे तुम्ही वर्षानुवर्षं एखाद्या छोट्या गावात रहात असाल तर तुमचंच मूल ग्रामीण वाटेत बसत असेल, त्याची व्याख्या दोन्ही युनिव्हर्सिटींच्या साइटवर दिलेली असते, तपासून कागदपत्रं वेळेत जोडा.

नाही मिळालं तर

एचएसएफवाय परत करता येत नाही. "एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा प्रयत्न" ही आपली ओळखीची सोय इथे बंद आहे, त्यामुळे पुढचा रस्ता आधीच ठरवून ठेवलेला बरा. बहुतेक पोरं बायोमेडिकल सायन्स किंवा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जातात, पहिल्या वर्षाचे पेपर तिथे धरले जातात, वर्ष वाया जात नाही. मग डिग्री पूर्ण करून ग्रॅज्युएट म्हणून पुन्हा अर्ज, यूकॅट पुन्हा. तिथे सगळ्या डिग्रीचे मार्क बघतात, म्हणून हिरमुसून दुसऱ्या वर्षाला बी ग्रेड आणली तर ती वाट पण अरुंद होते. विषय निवडताना ज्यात मन रमेल आणि डिग्रीनंतर नोकरीही मिळेल असा घ्या, ॲनाटॉमी, जेनेटिक्स, फिजिओलॉजी, काहीही चालतं.

यात आता एक भर पडतेय. वायकाटो युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या मेडिकल स्कूलला सरकारने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली, २०२८ ला सुरू करायचं ठरलंय, वर्षाला १२० जागा, चार वर्षांचा कोर्स, आणि तो फक्त ग्रॅज्युएट लोकांसाठी, भर गावोगावच्या आणि जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) कामावर. आत्ता इयर १३ मध्ये असलेल्यांची डिग्री संपेल तेव्हा ही वाटही उघडी असेल, म्हणून डिग्रीच्या काळात ज्यांना जमेल त्यांनी एखाद्या वृद्धाश्रमात किंवा छोट्या गावच्या क्लिनिकमध्ये हेल्थकेअर असिस्टंटचं काम धरावं, पगारही मिळतो आणि पेशंटजवळ बसून काम करणं आपल्याला झेपतंय का तेही कळतं.